घरातला ध्वनिवर्धक आणि तिसरी तार



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हा वक्त्याला शेवटच्या रांगेपर्यंत आपला आवाज छातीच्या बळावर पोहोचवावा लागे. आज आमच्यासारख्या बसलेल्या घशाच्या माणसाचे बोलणेही मंडपाच्या टोकाशी ऐकू येते, ते ह्या टेबलाशेजारच्या पेटीमुळे. पुस्तकी मराठीत हिला ध्वनिवर्धक म्हणतात; पण पुण्याच्या तापकीर गल्लीत ॲम्प्लिफायर म्हटल्याशिवाय दुकानदार मान वर करीत नाही. आम्हीही बाजाराचाच शब्द वापरणार आहोत.

कामगार चळवळीतल्या माणसाने बोनस, वेतनकरार, कंत्राटी कामगार ह्यांवर बोलावे. त्याने गाण्याच्या पेटीवर का बोलावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे. १९४८ च्या कारखाने कायद्याने फिरत्या यंत्रांना कुंपणे घालावयास लावली. पुढे कायदे बदलले, त्यांची नावे बदलली. पण कारखान्याच्या फाटकाच्या आत तपासणीस येऊ शकतो, कामगार तक्रार करू शकतो, ही गोष्ट कायम राहिली. घराचे तसे नाही. घरातल्या विजेच्या बोर्डाकडे पाहावयास कोणी तपासणीस येत नाही. शिरवळ, खेड-शिवापूरच्या कारखान्यांत दिवसभर जपून काम केलेला माणूस रात्री घरी येऊन उघड्या वायरीची टोके हाताने सॉकेटमध्ये खुपसतो, आणि त्याला टोकणारे कोणी नसते. म्हणून हा विषय आम्ही आपलाच समजतो.

आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंत. विजेचे जे काही कळते ते एका दुरुस्तीच्या दुकानात केलेल्या उमेदवारीतून, जुन्या पुस्तकांतून, आणि सभांना कर्णे बांधताना खाल्लेल्या झटक्यांतून. अशा शिक्षणात एक धोका असतो. माणसाला काय येते ते ठाऊक असते, काय येत नाही ते ठाऊक नसते. त्याचा दाखला पुढे येईलच, आणि तो आमचाच आहे.

गाणे घरी येणे ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पुण्याचे आकाशवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले. १९५५ साली त्याच केंद्रावरून गदिमा आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण आठवड्याला एक याप्रमाणे ऐकू येऊ लागले. छप्पन गीते झाली. त्या काळी आळीत एखादाच रेडिओ असे आणि बाकीची आळी त्याच्याभोवती बसे. आज वेल्ह्याच्या वाडीवस्तीवरही मुलगा बोनसच्या पैशातून ॲम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी आणतो, आणि भीमसेनांचा षड्ज सोप्यात बसून ऐकता येतो. ही सोय श्रमणाऱ्या माणसाच्या हक्काची आहे. आमचे म्हणणे एवढेच की, ती जिवावर बेतू नये.

ही पेटी करते तरी काय? मोबाइल, रेडिओ किंवा तबकडीच्या यंत्राकडून तिला गाण्याची अगदी क्षीण वीज मिळते. तेवढ्या विजेने स्पीकरचा पडदा हलणार नाही. म्हणून ती भिंतीतल्या २३० व्होल्ट विजेकडून बळ घेते आणि क्षीण विजेच्या चालीवर त्या बळाला नाचवते. म्हणजे एकाच पेटीत दोन बाजू नांदतात, एक भिंतीच्या विजेची आणि एक गाण्याची. दोहोंच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर हा बांध आहे. बांध शाबूत असेल आणि भिंतीकडची वीज आपल्या वाटेने वाहत असेल, तोवर पेटी गरीब गाईसारखी आहे. ती वीज वाट सोडून पेटीच्या पत्र्यात उतरली, की बाहेरून काहीही फरक न दिसता ती जीवघेणी होते.

आता आमची गोष्ट सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीवर संघटनेच्या एका सभासदाच्या घरी आम्ही मुक्कामाला होतो. दिवाळीच्या बोनसमधून त्याने जुना, पण गोड आवाजाचा ॲम्प्लिफायर आणला होता. त्याच्या आईला अभंग ऐकण्याची फार हौस. जोडणी झाली, पण अभंगाच्या मागे एकसारखी घरघर येऊ लागली. आम्ही जाणते म्हणून सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही प्लग उघडला, त्यातली हिरवी तार सोडवली, तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि प्लग पुन्हा लावला. घरघर जागच्या जागी थांबली. त्या रात्री आमचे फार कौतुक झाले.

दोन पावसाळे काही झाले नाही. तिसऱ्या श्रावणात एके सकाळी म्हातारी सडासारवण आटोपून, अनवाणी, ओल्या फडक्याने पेटीवरची धूळ पुसावयास गेली. गाणे चालू नव्हते, पण प्लग बोर्डात होता आणि बोर्डाचे बटण चालू होते. पेटीच्या मागल्या भोकातून आत शिरणारी वायर घासून तिचे आवरण फाटले होते आणि आतली फेजची तार पत्र्याला टेकली होती. म्हातारी झटक्याने मागे फेकली गेली, म्हणून वाचली. उजव्या हाताची दोन बोटे भाजली. ती आजही पुरती मिटत नाहीत.

आम्ही भेटावयास गेलो आणि तार कोणी काढली ते तिला सांगितले. ती म्हणाली, "आरं, तू काय मुद्दाम केलंस व्हय? पर आता ज्याला त्याला हे सांगत जा." आजचे व्याख्यान म्हणजे तिने घातलेल्या त्या कामाचाच एक भाग आहे.

तीन पिनांच्या प्लगात तीन तारा असतात. फेज वीज आणते, न्यूट्रल ती परत नेते. तिसरी, हिरवी किंवा हिरवी-पिवळी, ही अर्थिंगची. ती पेटीच्या पत्र्याला जमिनीशी बांधून ठेवते. रोजच्या कामात तिच्यातून जवळजवळ काहीच वाहत नाही, म्हणून ती बिनकामाची वाटते. फेज पत्र्याला टेकली, की त्या क्षणी ती कामाला येते. विजेला जमिनीत जाण्याची सोपी वाट मिळते, एकदम मोठा प्रवाह वाहतो, फ्यूज उडतो आणि पत्रा निर्जीव होतो. प्लगची तिसरी पिन जाड आणि लांब असते, ती उगीच नव्हे. जाड असल्यामुळे ती भलत्या भोकात शिरत नाही. लांब असल्यामुळे प्लग लावताना सर्वांच्या आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांच्या मागून सुटते. म्हणजे वीज येण्यापूर्वी राखणदार हजर, आणि वीज गेल्यावर राखणदाराला सुटी.

कोणी म्हणेल, घरात फ्यूज आहे ना? ह्यावर थोडे गणित करू. ओले हात आणि ओले पाय असतील तर माणसाच्या अंगाचा विरोध सुमारे १००० ओहम इतका खाली येतो. २३० व्होल्टला १००० ने भागले की ०.२३ ॲम्पिअर येतात. माणसाचे हृदय बंद पाडण्यास ०.१ ॲम्पिअर, कधी त्याहूनही कमी प्रवाह पुरतो. फ्यूज मात्र ६ ॲम्पिअरचा. माणूस मेला तरी त्याला पत्ता लागणार नाही. फ्यूज काय किंवा आजकालचा एमसीबी काय, तो वायरीला जळण्यापासून वाचवतो. माणूस त्याच्या हिशेबात नाही.

नुसती तिसरी तार असूनही भागत नाही. ती जमिनीपर्यंत नीट पोहोचली पाहिजे. इथे आपल्या मावळी मुलखाची अडचण आहे. वरती थोडी माती, मग मुरूम, आणि त्याखाली काळा कातळ. खड्डा उथळ राहतो. पावसाळ्यात ठीक, पण वैशाखात जमीन वाळली की अर्थिंगचा विरोध वाढतो. समजा तो ५० ओहम झाला. २३० ला ५० ने भागले की ४.६ ॲम्पिअर. फ्यूज ६ चा; तो उडणार नाही आणि पत्रा जिवंतच राहील. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला असावा, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावे, आणि परवानाधारक तारतंत्र्याकडून वर्षातून एकदा त्याचा विरोध मोजून घ्यावा. पूर्वी लोखंडी नळाला तार बांधून काम चालवीत. आता नळ प्लॅस्टिकचे झाले. त्यांना बांधलेली तार कोठेच जात नाही.

ह्या अडचणीवर एक चांगला उपाय बाजारात आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने वायरमन अजून ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेली वीज न्यूट्रलमधून तितकीच परत आली का, हे तो सतत ताडून पाहतो. मध्ये कोठे ३० मिलिॲम्पिअर, म्हणजे ०.०३ ॲम्पिअर गळाले, की सेकंदाच्या अंशात वीज तोडतो. घरासाठी ३० मिलिॲम्पिअरचाच घ्यावा. त्यावर चाचणीचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. मात्र एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरणाऱ्याला तो वाचवू शकत नाही, कारण तिथे गळती होतच नाही. म्हणजे आरसीसीबी आला म्हणून अर्थिंग नको असे नव्हे, आणि दोन्ही आहेत म्हणून सावधपणा नको असेही नव्हे.

काही पेट्यांना मुळातच दोन पिनांचा प्लग असतो. त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण पाहावी. ती असेल तर आवरण दुहेरी आहे, तिसऱ्या तारेची गरज नाही. खूण नसेल आणि पेटी पत्र्याची असेल, तर जाणत्याला दाखविल्याशिवाय वापरू नये. बाजारात स्वस्त एक्स्टेन्शन बोर्ड मिळतात. त्यांना तिसरे भोक असते, पण भोकामागे तारच नसते. आयएसआय खूण पाहिल्याशिवाय असा बोर्ड घेऊ नये.

आता त्या घरघरीकडे वळू, कारण तिच्यापायीच माणसे तिसरी तार तोडतात. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. घरघर म्हणजे तिचाच आवाज गाण्यात शिरलेला असतो. पुष्कळदा असे घडते की, टीव्ही एका बोर्डावर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर, आणि दोहोंना जोडणारी आवाजाची वायर मध्ये. दोन बोर्डांच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक असला, की तारांचा एक फेरा तयार होतो आणि त्यातून ही वीज गाण्यात उतरते. तिसरी तार काढली की फेरा तुटतो, घरघर थांबते, आणि राखणदारही जातो. खरा उपाय साधा आहे. गाण्याची सगळी यंत्रे एकाच बोर्डावरून चालवावीत. आवाजाच्या वायरी चांगल्या जाळीच्या आवरणाच्या घ्याव्यात आणि विजेच्या वायरींपासून वीतभर लांब ठेवाव्यात. एवढ्यानेही भागले नाही, तर आवाजाच्या वायरीत बसवावयाचा लहान ट्रान्सफॉर्मर मिळतो. तोडावयाचे ते आवाजाच्या वायरीत तोडावे, विजेच्या प्लगात कधीही नाही. त्या वाडीवरच्या घरात नंतर आम्ही टीव्ही आणि ॲम्प्लिफायर एका बोर्डावर घेतले. दहा मिनिटे लागली, पैसा लागला नाही, आणि घरघर कान लावूनच ऐकावी इतकी उरली. हे पहिल्या रात्रीच करता आले असते.

पेटी कोठे ठेवावी? जमिनीवर नको, आणि झड लागणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीशीही नको. आषाढात त्या भिंतीला ओल येते. भक्कम टेबलावर, चारी बाजूंनी वीतभर मोकळी जागा सोडून ठेवावी. आपल्याकडे चांगल्या वस्तूवर क्रोशाचा रुमाल घालण्याची रीत आहे. रुमालाने शोभा येते खरी, पण पेटीचा श्वास कोंडतो. ती ओढून घेतलेल्या विजेपैकी पुष्कळ भाग नुसती उष्णता म्हणून बाहेर टाकते; ती उष्णता आत कोंडली की आतले कपॅसिटर सुकतात. दहा अंश उष्णता वाढली की त्यांचे आयुष्य निम्मे होते, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. पेटीवर समई नको, फुलदाणी नको, पाण्याचा तांब्या तर मुळीच नको. उंदीर वायरी कुरतडतात आणि पाली उबेला आत शिरतात, म्हणून मागच्या वायरी महिन्यातून एकदा डोळ्यांनी पाहाव्यात. त्याआधी प्लग काढावा.

पेटी उघडण्याचा मोह धरू नये. जुन्या व्हॉल्व्हच्या यंत्रांत ३०० ते ४०० व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज बराच वेळ साठून राहते. असे यंत्र स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालू करू नये. त्याचा बाहेरचा ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रान्झिस्टरच्या यंत्राची तऱ्हा उलट. त्याला स्पीकर नसला तरी चालते, पण स्पीकरच्या दोन तारांचे केस एकमेकांना चिकटले की त्याचे आतले ट्रान्झिस्टर जातात. म्हणून तारा पीळ देऊन, एकही केस बाहेर न राहील अशा बसवाव्यात. लाल लालला, काळी काळीला. एका स्पीकरची उलटी लागली तर धोका नसतो, पण ढोलकीचा खर्ज पोकळ होतो.

स्पीकरवर ओहमचा आकडा असतो, आणि ॲम्प्लिफायरच्या मागेही कमीत कमी किती ओहम चालतील ते लिहिलेले असते. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडावर शेजारीशेजारी लावले की ४ ओहम होतात. चार लावले की २. ओहम निम्मे झाले की प्रवाह दुप्पट होऊ पाहतो. एका मजुराच्या पाठीवर चौघांचे ओझे टाकले तर तो बसतो; यंत्राचेही तसेच आहे. गणपतीत शेजारच्या घरचे स्पीकर आणून जोडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

चालू करण्याचाही क्रम आहे. आवाजाची कळ शून्यावर. आधी गाण्याचे यंत्र, शेवटी ॲम्प्लिफायर. बंद करताना आधी ॲम्प्लिफायर. वायरी जोडणे-काढणे नेहमी प्लग काढून.

वॅटच्या आकड्याला भुलू नये. खोक्यावर पीएमपीओ म्हणून हजारांचे आकडे छापतात. त्यांत अर्थ नाही, आरएमएस वॅट विचारावे. वॅट दुप्पट केले तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटावा म्हणून सुमारे दहापट वॅट लागतात. सोप्यात बसून ऐकावयास २०-३० वॅट पुष्कळ झाले. आम्ही यंत्रमागाच्या खात्यात आयुष्य घालवलेली माणसे पाहिली आहेत. त्यांच्याशी बोलताना हातवारे करावे लागतात. कारखाने कायद्याने अशा बहिरेपणाला धंद्यातला रोग मानले, तरी गेलेले ऐकणे कोणाचे परत आले नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असे मानतात, आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते; १०० डेसिबलला ती पाव तासावर येते. गाणे थांबल्यावर कानात शीळ वाजत राहिली, तर ती तक्रारच समजावी. आणि शेजाऱ्यालाही झोप असते.

शेवटी पावसाळ्याबद्दल. वळवाचे ढग जमले की प्लग काढावा, डिशची वायरही सोडवावी. हे गडगडाट सुरू होण्यापूर्वी, चालू असताना नव्हे. पावसाळ्यात पेटी महिनोन् महिने बंद ठेवू नये. आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालवली की तिच्या उबेने ओल हटते. भिजली असेल तर मात्र चालू करून पाहू नये, जाणत्याला दाखवावी. जळका वास आला तर आधी मेन स्विच बंद करावा. पाणी ओतू नये. कोणाला विजेने धरले तर त्याला हात लावू नये. मेन बंद करावा; ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला सोडवावे. श्वास नसेल तर छातीच्या मध्यावर दोन्ही हातांनी जोराने आणि भराभर दाब देत राहावे, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा.

आज घरी गेल्यावर एक काम करा. बोर्डाचे बटण बंद करून ॲम्प्लिफायरचा प्लग काढा आणि त्याच्या पिना मोजा. तिसरी पिन तुटलेली असेल, किंवा कोणी शहाण्याने आमच्यासारखी आतली तार सोडवलेली असेल, तर तो प्लग भिंतीत परत लावू नका. उद्या सकाळी वायरमनला बोलवा. एक रात्र गाणे नसले तरी चालेल.